ट्रेडमिल, सायकल की क्रॉस ट्रेनर?

"डॉक्टर, जिम लावली आहे. आता नेमके कोणते मशीन करू?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात आठवड्यातून दोन-चार वेळा तरी विचारला जातो. पूर्वी व्यायाम म्हटला की तालीम, जोर-बैठका, सूर्यनमस्कार, नाहीतर पहाटेचे फिरणे एवढेच डोळ्यांसमोर येई. आता तालुक्याच्या गावीही बाजारपेठेतल्या एखाद्या इमारतीत, काचेच्या आड यंत्रांची रांग दिसते. महिन्याची फी भरली जाते, नवे बूट घेतले जातात आणि पहिल्या दिवशी माणूस जे यंत्र रिकामे असेल त्यावर चढतो. शेजारच्या यंत्रावर विशीतला मुलगा पळत असतो. त्याच्याकडे पाहून आपणही स्पीडचे बटण दाबतो.

विशीतल्या मुलाने कोणतेही यंत्र निवडले तरी सहसा फारसे बिघडत नाही. पन्नाशीतल्या माणसाबरोबर मात्र त्याचे गुडघे, कंबर, रक्तदाब आणि साखर ही सगळी मंडळी जिममध्ये येतात. म्हणून आज या यंत्रांची ओळख करून घेऊ. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. अमुक यंत्र उत्तम आणि तमुक निकामी असे काही नसते. जे आपल्या शरीराला झेपते आणि सहा महिन्यांनंतरही आपल्याकडून होत राहते, तेच आपले यंत्र.

हृदयाला काय हवे असते?

१९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली होती. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर वरच्या मजल्यावर चढ-उतार करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले. शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक.

त्या कंडक्टरांपुढे ट्रेडमिल नव्हती की सायकल नव्हती. मांड्या, पोटऱ्या, नितंब असे शरीरातले मोठे स्नायू नियमितपणे चालू राहिले, की हृदयाला जादा रक्त पुरवावे लागते आणि त्यातून ते कणखर होते. पट्ट्यावर चालून स्नायू चालू राहिले की पायडल मारून, याच्याशी हृदयाला फारसे देणेघेणे नसते. फरक पडतो तो सांध्यांना, पाठीला आणि तोल सांभाळण्याला. म्हणून यंत्राची निवड करताना हृदयापेक्षा सांध्यांचा विचार जास्त करावा लागतो.

किती करायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास हे किमान माप. याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. नुसत्या ट्रेडमिलवर सगळे भागत नाही.

यंत्राआधी तपासणी कोणी करावी?

मागे एक दुकानदार गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय बावन्न, सात-आठ वर्षांचा मधुमेह. जिमच्या तिसऱ्याच दिवशी ट्रेडमिलवर पळाले आणि छातीत जळजळ सुरू झाली. पित्त असेल म्हणून रात्री थंड दूध पिऊन झोपले. सकाळी आले तेव्हा कार्डिओग्राममध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. वेळेत पुढे पाठवता आले, अँजिओप्लास्टी झाली आणि आज ते रोज चालतात. त्यांच्या झटक्याला ट्रेडमिल कारण नव्हती. रक्तवाहिनीत अडथळा आधीपासून होता, अचानक पडलेल्या श्रमाने तो उघड झाला.

आपल्याकडे ही काळजी अधिक घ्यावी लागते. ५२ देशांत झालेला 'इंटरहार्ट' हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीवरून असे दिसले, की भारत व आसपासच्या देशांतील लोकांना पहिला झटका इतर देशांतील लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो. ऐन कर्तेपणाच्या वयात, घरची सगळी जबाबदारी अंगावर असताना.

म्हणून पुढील लोकांनी जिमची फी भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत दडपण येते, जबड्याकडे वा हाताकडे कळ जाते, किंवा पूर्वी लागत नव्हती एवढी धाप लागते असे लोक. कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असे लोक. हृदयविकार असलेले आणि मधुमेही. रक्तदाब १८० वर ११० किंवा त्याहून अधिक राहणारे. त्यांनी तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे. तंबाखू, विडी-सिगारेट नियमित घेणारे. ज्यांच्या वडिलांना वा भावाला पंचावन्नच्या आत, किंवा आईला वा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असे लोक. मधुमेह्यांना विशेष सांगणे असे, की तुमच्यात छातीत न दुखताही हृदयविकार असू शकतो. केवळ दम लागणे किंवा घाम फुटणे एवढीच खूण असते.

डॉक्टरांना गरज वाटली तर ते टी.एम.टी. करायला सांगतील. ती तपासणीही ट्रेडमिलवरच होते. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली रूढ केलेल्या पद्धतीत पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर सुरू होतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात आणि त्या वेळी कार्डिओग्राम पाहिला जातो. सरसकट प्रत्येकाने ही तपासणी करण्याची गरज नाही. ज्याला काही त्रास नाही आणि जो हळूहळू चालण्यापासून सुरुवात करणार आहे, त्याने ती नाही केली तरी चालते. दुसरीकडे, टी.एम.टी. नॉर्मल आली म्हणजे जन्मभराचा परवाना मिळाला असेही समजू नये.

ट्रेडमिल

चालणे सर्वांना येते, त्यामुळे हे यंत्र शिकावे लागत नाही. शरीराचा भार पायांवर पडत असल्याने हाडांनाही व्यायाम मिळतो. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो, त्यांना हा मोठा फायदा आहे. ऊन-पावसाची अडचण नाही, भटकी कुत्री नाहीत, रस्त्यावरचे खड्डेही नाहीत.

आता उणी बाजू. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, पळताना त्याहून जास्त. ऐंशी किलोच्या माणसाने हा हिशेब स्वतःच करावा. म्हणून वजन जास्त असेल तर ट्रेडमिलवर चालावे, पळू नये. व्यायाम वाढवायचा असेल तेव्हा वेगाऐवजी चढ एक-दोन टक्क्यांनी वाढवावा. पळण्याचे हिसके न बसता हृदयाला पुरेसे काम मिळते.

समोरच्या दांड्याला लोंबकळून चालणारे अनेकजण दिसतात. दांड्यावर भार टाकला की पायांचे आणि हृदयाचे काम कमी होते. पडद्यावरचा आकडा मात्र तसाच वाढत राहतो. दांडा धरल्याशिवाय चालवत नसेल तर वेग कमी करावा. ज्यांना चक्कर येते वा तोल जातो त्यांनी दांडा जरूर धरावा, पण त्यांच्यासाठी सायकलच बरी. पट्टा चालू असताना चढू-उतरू नये आणि यंत्राची सेफ्टी क्लिप कपड्याला लावावी. वीज जाणे आपल्याकडे नवे नाही. वीज गेली की पट्टा थांबतो आणि बेसावध माणूस पुढे झेपावतो. मोबाईल बघत चालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सायकल

गुडघेदुखीच्या रुग्णांना मी बहुधा सायकल सुचवतो. शरीराचे वजन सीटवर असल्याने गुडघ्यावरचा भार साधारण वजनाइतका किंवा थोडा अधिक, म्हणजे चालण्यापेक्षा निम्म्याहूनही कमी असतो. गुडघा वाकत-सरळ होत राहतो आणि मांडीचे स्नायू बळकट होतात. गुडघ्याचा खरा आधार मांडीचे स्नायूच. पडण्याची भीती जवळजवळ नाही. माझ्या एक निवृत्त शिक्षिका रुग्ण आहेत. गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमेना तेव्हा 'आता माझ्याने व्यायाम होणे नाही' म्हणून त्या जिम सोडायला निघाल्या होत्या. त्यांना दहा मिनिटांच्या सायकलवर आणले. आज त्या अर्धा तास करतात.

सायकलवर एक गोष्ट चुकली की सगळे चुकते, ती म्हणजे सीटची उंची. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो आणि दुखणे वाढते. त्याचा दोष मग सायकलला दिला जातो. सुरुवातीला लेव्हल कमी ठेवावी. ज्यांचे वजन खूप आहे किंवा कंबर दुखते, त्यांनी पाठीला आधार असलेली, पाय पुढे पसरून चालवायची सायकल मिळाल्यास ती घ्यावी. साध्या सीटवर फार वेळ बसून जांघेत बधिरपणा आला तर मधूनमधून उठावे, सीट बदलून पाहावी.

सायकलची उणीव अशी, की हाडांवर भार पडत नसल्याने हाडे बळकट करायला तिचा फारसा उपयोग नाही. सायकल करणाऱ्या स्त्रियांनी थोडे चालणेही ठेवावे.

क्रॉस ट्रेनर

यात पाय पायडलवरून उचलले जात नाहीत, त्यामुळे आपटण्याचा हिसका नसतो. तरीही माणूस उभा असतो, हातही चालतात. ज्यांना चालताना गुडघा थोडा दुखतो पण उभे राहायला त्रास नाही, त्यांना हे यंत्र चांगले. मात्र हात-पायांची लय जमायला चार-सहा दिवस लागतात आणि दमही लवकर लागतो. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरे. पाय जागचा हलत नसल्याने काहींच्या बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी टाच थोडी वर-खाली करावी, बुटाची नाडी सैल करावी. तोल जाणाऱ्या वृद्धांनी कोणी जवळ असल्याशिवाय यावर चढू नये.

स्टेपर आणि रोइंग

स्टेपर म्हणजे न संपणारा जिना. थोड्या वेळात भरपूर श्रम होतात आणि गुडघ्याच्या वाटीवर ताणही भरपूर येतो. गुडघा दुखणाऱ्यांनी आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. दोन-तीन महिने इतर व्यायाम पचल्यावर पाहावे.

रोइंग म्हणजे वल्हे मारण्याचे यंत्र. पाय, पाठ, खांदे, हात सगळ्यांना काम देणारे. पण ते शिकून घ्यावे लागते. आधी पायांनी रेटा द्यायचा, मग पाठ थोडी मागे न्यायची आणि शेवटी हात ओढायचे. नवखा माणूस पाठ वाकवून नुसता हातांनी ओढतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून दवाखान्यात येतो. मणक्याची गादी सरकलेले, हर्निया असलेले आणि रक्तदाब आटोक्यात नसलेले यांनी हे यंत्र टाळावे.

पोट कमी करणारे यंत्र

"पोट कमी करायला कोणते मशीन?" असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ठरलेले असते: असे यंत्र नाही. चरबी शरीरातून सगळीकडून थोडी थोडी कमी होते, कोठून आधी हे आपल्याला ठरवता येत नाही. कमरेला पट्टा बांधून थरथरवणारे यंत्र चरबी वितळवत नाही. त्यावर उभे राहण्यात गेलेला वेळ चालण्यात घालवावा.

पडद्यावरच्या कॅलरीच्या आकड्यावरही फार विसंबू नये. तो केवळ अंदाज असतो. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने अर्धा तास चालला तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात अडीचशे-तीनशे असतात. जिममधून खाली उतरल्यावर समोरच्या गाडीवर थांबणाऱ्यांनी हे गणित मनात ठेवावे. वजन उतरवायचे तर ताटाकडेही पाहावे लागते. पण वजन काट्यावर हलले नाही तरी व्यायाम वाया गेला असे मानू नये. रक्तदाब, साखर आणि हृदय यांना त्याचा लाभ मिळतोच.

जोर किती लावायचा?

यासाठी घड्याळ वा पट्टा विकत घेण्याची गरज नाही. व्यायाम करताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये. हा मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतरच दम लागत असेल तर जोर जास्त झाला. आरामात गप्पा चालल्या असतील तर कमी पडला.

नाडी मोजायचीच असेल तर २२० मधून वय वजा करतात. पन्नास वर्षांच्या माणसाला १७० येतात. मध्यम व्यायामात साधारण ११० ते १३० ठोके असावेत. हे सूत्र ढोबळ आहे, दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी मुळातच वाढत नाही. अशांनी आकडा गाठण्याच्या नादी न लागता बोलण्याची खूणच पाळावी.

मधुमेह्यांसाठी चार गोष्टी

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जिमला जाऊ नये. साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडे खाऊन घ्यावे. खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडरची पुडी ठेवावी. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तत्काळ थांबून तीन चमचे घ्यावी. मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच सायकल मारू नये, कारण ते लवकर शोषले जाऊन साखर एकदम उतरू शकते. पोटावर घेणे बरे. आणि पायांना बधिरपणा असेल तर मऊ, मापाचे बूट आणि सुती मोजे घालून व्यायाम करावा, घरी आल्यावर तळवे पाहावेत. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही आणि तोच पुढे जखम होऊन चिघळतो. अशा रुग्णांना ट्रेडमिलपेक्षा सायकल अधिक सुरक्षित.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात पंधरा. असे दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत तीस मिनिटांवर यावे. आधी वेळ वाढवावी, नंतर जोर. सुरुवातीची पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे संथ ठेवावीत. जोरात चाललेला व्यायाम एकदम थांबवला की रक्त पायांत साठून राहते, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत.

पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन यंत्रे करून पाहावीत. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणे स्वाभाविक आहे. सांधा सुजणे, गुडघा आखडणे, कंबरेतून पायात कळ जाणे हे स्वाभाविक नव्हे. ज्या यंत्राने हे होते ते सोडावे, व्यायाम सोडू नये. एकाच यंत्राचा कंटाळा येत असेल तर पंधरा मिनिटे सायकल आणि पंधरा मिनिटे चालणे असे वाटून घ्यावे.

व्यायाम करताना छातीत दडपण, जबडा वा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, असह्य धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर त्या क्षणी थांबावे आणि बसावे. 'पित्त असेल' म्हणून घरी जाऊ नये. स्वतः गाडी चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या, कार्डिओग्रामची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. जिम चालवणाऱ्यांनीही जवळच्या रुग्णालयाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

घरी यंत्र घ्यावे का, असेही विचारतात. आधी तीन महिने जिममध्ये नेमाने जाऊन पाहावे. ते जमले तर घ्यावे. नाहीतर महागाच्या यंत्रावर टॉवेल वाळत घातलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत. आणि ज्यांना जिमची फी परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. शाळेच्या मैदानाला भरभर मारलेल्या फेऱ्या हृदयाला ट्रेडमिलइतक्याच मानवतात. त्यासाठी बूट चांगले हवेत आणि रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडायला हवे.